मोरस बेटावर गेलेल्या पूर्वजाचा शोध कसा घ्यावा?

प्रश्न — वाडीवरची

आमच्या घरी सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्तीचे वाढतात. ते कोणाचे, असे लहानपणी विचारले की आजी एवढेच म्हणत असे, "मोरसवाल्यांचे." माझ्या पणजोबांचे एक चुलते कामासाठी मुंबईला गेले, तेथून जहाजाने मोरस बेटावर, म्हणजे आजच्या मॉरिशसला पोहोचले आणि पुन्हा परतले नाहीत. ते कधी वारले हे कोणालाच कळले नाही, त्यामुळे त्यांची तिथी नाही आणि म्हणून हे पान. आमचे मूळ गाव राजापूर तालुक्यात आहे. आजी वाण्याच्या यादीत पांढऱ्या साखरेला 'मोरस' असेच लिहीत असे. साखरेचा मोरस आणि पानाचा मोरस हे एकच आहेत, हे माझ्या लक्षात यायला चाळिशी उलटावी लागली.

त्यांच्याविषयी घरात तीन गोष्टी सांगतात. ते सत्तावन्नच्या बंडात होते आणि पकडले जाण्याच्या भीतीने पळाले, ही पहिली. तिकडे दगड उलटला की खाली सोने सापडते, असे सांगून त्यांना नेले, ही दुसरी. जहाजातून उतरल्यावर त्यांचे नाव काढून घेतले आणि आकडा दिला, ही तिसरी.

माझे विचारणे असे आहे की, अशा माणसाचा कागदोपत्री माग लागू शकतो का, आणि लागत असेल तर सुरुवात कोठून करावी? त्या पिढीने उतरतानाच्या आणि पहिल्या वर्षांच्या आठवणी मागे ठेवल्या आहेत का, आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या अशा गोष्टींवर कितपत विसंबावे, हेही जाणकारांनी सांगावे. हे पान सार्वजनिक असल्यामुळे त्यांचे नाव येथे लिहीत नाही. ते 'जी'ने संपणारे, कोकणात सर्रास आढळणारे नाव आहे, एवढे पुरे.

उत्तर — कात्रबोर्नचा मास्तर

मी मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबातील पाचव्या पिढीचा आहे. आमच्या घरी क्रिओल, म्हणजे येथली फ्रेंचवरून घडलेली बोली, बोलतात. मराठी मी शाळेत शिकलो आणि आता शाळेतच शिकवतो, त्यामुळे माझ्या भाषेला पुस्तकी वळण आहे, ते सांभाळून घ्यावे.

आपली तिसरी गोष्ट खरी आहे, फक्त तिची मांडणी थोडी बदलावी लागेल. पोर्ट लुईच्या बंदरात त्रू फाँफारों या भागात उतारूंचा डेपो होता. त्याचे बांधकाम १८४९ मध्ये सुरू झाले. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत, आज आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. मूळ आवारातला थोडाच भाग उरला आहे, जेमतेम १६४० चौरस मीटर; तरी पाण्यातून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या, न्हाणीघरांचे अवशेष आणि दवाखान्याचे जोते अजून पाहता येते. जहाजावरून आलेला प्रत्येक माणूस त्या पायऱ्या चढून आत जाई, दोनेक दिवस तेथे राही आणि मळेवाल्याशी करार झाला की उसाच्या मळ्यावर रवाना होई. त्याचे नाव काढून घेत नसत. नावापुढे क्रमांक लिहीत. मात्र पुढची सगळी वर्षे पगार, रजा, लग्न, तुरुंग आणि मृत्यू यांची नोंद त्या क्रमांकाखाली होत असल्यामुळे, ज्याला हे सोसावे लागले त्याला नाव गेले असेच वाटले असणार.

उतरतानाची आठवण म्हणून आमच्या घरात एकच गोष्ट टिकली आहे, आणि तिच्यात समुद्र जवळजवळ नाही. माझी आजी सांगत असे की, तिच्या आजोबांना त्या पायऱ्यांवर उभेच राहता येईना. कित्येक आठवडे डोलणाऱ्या फळ्यांवर काढल्यामुळे दगड पायाखाली हलतो आहे असे त्यांना वाटले, ते मधल्याच पायरीवर बसले आणि मागचा माणूस त्यांच्यावर येऊन आदळला. त्या मागच्या माणसाशी त्यांचे पुढे जन्मभराचे नाते राहिले. एका जहाजातून आलेल्यांना येथे 'जहाजी भाई' म्हणत, आणि अशा घरांमध्ये मुलामुलींची लग्ने लावीत नसत, कारण ती भावंडे मानली जात. भाऊबंदकी मागे राहिली होती. तिच्या जागी जहाज आले.

आता बंडाविषयी. आमच्याही घरात सत्तावन्नची कथा होती, आणि ती सांगताना आजोबा ताठ बसत. मी कागद काढला तेव्हा आमचे पूर्वज १८५३ मध्येच उतरले होते, असे दिसले. कोणी मुद्दाम खोटे बोलले असे मला वाटत नाही. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यानंतर, आणि पुढे १९६८ मध्ये आमचा देश स्वतंत्र झाल्यावर, पोटासाठी आलो असे सांगण्यापेक्षा इंग्रजांशी लढून आलो असे सांगणे घराला बरे वाटले असावे. आपल्या पूर्वजांच्या बाबतीत ते खरे नसेलच असे नाही, कारण १८५८ आणि १८५९ या वर्षांत येथली आवक शिगेला पोहोचली होती आणि बंडानंतरची धामधूम हे त्याचे एक कारण मानतात. तथापि त्या लाटेतले बहुसंख्य लोक कलकत्त्याहून आलेले होते, हे ध्यानात ठेवावे.

सोन्याची गोष्ट भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी अशा सगळ्या घरांत जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. त्यामुळे ती आपल्या पूर्वजांविषयी स्वतंत्रपणे काही सांगत नाही.

आणखी एक सांगतो, ते आपल्या प्रश्नाबाहेरचे वाटल्यास सोडून द्यावे. येथील गणेशोत्सवाची सुरुवात १८९६ सालची मानतात, आणि गणपतीपुढे आमचे लोक जो नाच करतात त्याला 'झाकरी' म्हणतात. मी पहिल्यांदा रत्नागिरीत आलो तेव्हा एका वाडीत जाखडी पाहिली. गाणे मला निम्मे कळले नाही. पण गोलातली माणसे एक पाय मागे टाकून ज्या पद्धतीने गिरकी घेत होती, ती गिरकी मी लहानपणी वडिलांकडून शिकलो होतो. आमचे गाव नेमके कोणते हे कागदावर नीट वाचता येत नव्हते; जिल्ह्याविषयी मात्र माझी खात्री त्या अंगणात झाली.

उत्तर — जुने दप्तर

माझी नोकरी जुन्या कागदपत्रांच्या सहवासात गेली, म्हणून शोधाच्या पद्धतीविषयी लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आडनाव विसरा. आपल्याकडचे बहुतेक लोक मॉरिशसचा शोध घेताना आडनावापासून सुरुवात करतात आणि महिनाभरात कंटाळून सोडून देतात. उतारूंच्या नोंदवहीत माणसाचे नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा आणि गाव असे रकाने असत. आजच्या अर्थाचे आडनाव त्यांत नसे. पुढच्या पिढीत बापाचे नाव हेच मुलांचे आडनाव झाले, आणि म्हणून तेथील मराठी घरांमध्ये रामजी, बाबाजी, भिवाजी अशी आडनावे दिसतात. आपण राणे किंवा गुरव शोधत बसलात, तर तिकडे त्याच घरातला माणूस भलत्याच आडनावाने सुखाने नांदत असेल आणि आपल्याला पत्ता लागणार नाही.

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, त्यामुळे मालवण, देवगड, कणकवली, वेंगुर्ला येथल्या माणसापुढेही त्या काळी 'रत्नागिरी' असेच लिहिलेले सापडेल. गावाचे नाव मात्र ऐकून लिहिलेले असते. बोलणारा कोकणातला, लिहिणारा इंग्रजी वळणाचा कारकून आणि दोघांच्या मध्ये दुभाषा, अशा तीन कानांतून गेलेले नाव पाहताना ते मोठ्याने वाचून पाहावे. डोळ्यांना न कळणारे गाव पुष्कळदा कानाला कळते.

तिसरी गोष्ट जातीच्या रकान्याची, आणि येथे मी स्वतः एकदा फसलो आहे. सुरुवातीच्या कागदांत 'धांगर' हा शब्द वारंवार येतो आणि मराठी वाचक तो 'धनगर' असा वाचतो. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून उतरलेल्या ३६ मजुरांपासून तेथील सरकारी इतिहास मोजतात आणि तो दिवस तेथे सुटीचा असतो. ते मजूर छोटा नागपूरच्या डोंगरी भागातले होते आणि त्यांना धांगर म्हणत. आपल्याकडच्या मेंढपाळांशी त्या शब्दाचा संबंध नाही. मी मात्र तीन दिवस सांगलीकडचे धनगर मॉरिशसला कसे पोहोचले असतील, याचा विचार करीत बसलो होतो.

ही सगळी कागदपत्रे मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात आहेत. १८३४ ते १९२० या काळात सुमारे साडेचार लाख लोक तेथे उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा कलकत्ता आणि मद्रासपेक्षा बराच लहान आहे, आणि हे शोधणाऱ्याच्या सोयीचेच आहे. संस्थेला लिहिताना माणसाचे नाव, बापाचे नाव, अंदाजे वय, जिल्हा आणि निघण्याचा अंदाजे काळ एवढे कळवावे. बापाचे नाव नसेल तर शोध घेऊ नका असेच मी म्हणेन, कारण 'जी'ने संपणारी नावे शेकड्यांनी आहेत. घरातील जुनी वंशावळ, खोताच्या वहीतील नोंद किंवा क्षेत्रोपाध्यायांच्या चोपडीतील उल्लेख, यांतून ते आधी मिळवावे.

छायाचित्राची आशा ठेवण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मजुरांची छायाचित्रे काढण्यास १८६५ च्या सुमारास सुरुवात झाली, आणि १८६७ च्या कायद्याने करार संपवून मोकळे राहणाऱ्या जुन्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. परवाना नसलेला माणूस भटक्या ठरून पकडला जाई. आज ती छायाचित्रे आपण पूर्वजांचे दर्शन म्हणून घरात लावतो. ज्याचे छायाचित्र काढले त्याच्या दृष्टीने ते पोलिसाला दाखवायचे कागद होते. चेहरे पाहिलेत तर हे लगेच कळेल.

उत्तर — देवगडकर

वरची उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु त्यांत एक गोष्ट सौम्य होऊन गेली आहे. १८३५ मध्ये मॉरिशसमधील गुलामी संपली, मळेवाल्यांना हात हवे होते आणि ते आपल्याकडून नेले गेले. महिना पाच रुपये, तांदूळ, डाळ, मीठ आणि पाच वर्षांचा करार. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. याला फसवणूक आणि गुलामीच म्हटले पाहिजे. "आठवणी" हा शब्दच मला येथे फार गोड वाटतो.

उत्तर — जुने दप्तर

देवगडकर, दुहेरी कपातीविषयी आपण लिहिले ते बरोबर आहे, आणि जुलूम इतका होता की १८७१ मध्ये हजारो मजुरांनी अर्ज केला, आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने तो पुढे नेला आणि १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग नेमावा लागला. तरीही फसवणूक या एका शब्दाने सगळे उलगडत नाही. उतरलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा मायदेशी परतला. त्यांतले काही जण आपल्याच गावातली माणसे घेऊन पुन्हा जहाजात चढले; मळ्यावर त्यांनाच सिरदार, म्हणजे आपल्या भाषेत मुकादम, करीत. गावचाच माणूस अंगावर चांगला सदरा घालून येतो आणि खोताचे देणे फेडतो, हे पाहून निघालेल्याला नुसते फसलेला म्हणणे म्हणजे त्याला अक्कल नव्हती असे म्हणण्यासारखे आहे. कोकणातून मुंबईच्या पलटणीत आणि पुढे गिरण्यांत जाणाऱ्यांनी जो हिशेब केला, तोच यानेही केला असेल. त्याने केलेल्या हिशेबात कपातीची आणि परवान्याची रक्कम धरलेली नव्हती, एवढेच.

उत्तर — हबसाणचा पाहुणा

आमची गोष्ट मॉरिशसची नाही, तरी तुलनेसाठी लिहितो. मुरूड-जंजिऱ्याकडील आणि रत्नागिरीकडील कोकणी मुसलमान केप टाउनला गेले, ते करारावर नव्हे तर स्वतःचे भाडे भरून. माझे पणजोबा त्यांत होते. आमच्याकडे त्यांची पत्रे आहेत, मनिऑर्डरच्या पावत्या आहेत, आणि "येताना सुके बोंबील आणावे" अशी एक ओळ तर प्रत्येक पत्रात आहे. ते कुटुंब गावीच ठेवून जात-येत राहिले. पुढे १९१३ च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेत नव्या हिंदी माणसाला प्रवेश बंद झाला आणि फक्त बायको व वयात न आलेली मुले यांनाच नेता येऊ लागले, तेव्हा कोणाला न्यायचे आणि कोणाला गावी ठेवायचे हे ठरवताना आमचे घर दोन ठिकाणी झाले. ज्याने तिकीट स्वतः काढले त्याची पत्रे उरतात आणि ज्याला करारावर नेले त्याचा क्रमांक उरतो, असा फरक मला आपली चर्चा वाचताना जाणवला.

वाडीवरची (चार महिन्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. जुने दप्तर यांच्या सांगण्याप्रमाणे आधी बापाचे नाव शोधले. ते आमच्याच घरातील देवघराच्या पेटीत, वाटणीच्या एका फाटक्या कागदावर 'अमुक बिन तमुक' असे सापडले. त्यानंतर संस्थेकडे विचारणा केली आणि मास्तरांनी तेथे स्वतः जाऊन पाठपुरावा केला.

रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेली त्याच नावाची तीन माणसे निघाली. त्यांतल्या एकाच्या बापाचे नाव आमच्या कागदाशी जुळते. वय बावीस, उंची पाच फूट दोन इंच, डाव्या भुवईवर व्रण, आगमन १८५९. तेव्हा बंडाची गोष्ट खरीही ठरली नाही आणि खोटीही ठरली नाही. छायाचित्र नाही, आणि त्याचे कारणही त्याच ओळीत आहे. १८६७ च्या मलेरियाच्या साथीत ते वारले, म्हणजे ज्या वर्षी परवान्यावर छायाचित्राची सक्ती झाली त्याच वर्षी. क्रमांकापुढे मृत्यूची तारीख स्पष्ट लिहिलेली आहे. बायको किंवा मूल यांची नोंद नाही.

गावाच्या नावाविषयी मात्र शंका राहिली आहे. मोठ्याने वाचून पाहिले, माझ्या भावाने वाचून पाहिले, तेव्हा ते आमच्या गावासारखे वाटते. पण तिसरे अक्षर 'व' आहे की 'न' हे ठरत नाही, आणि 'न' असेल तर ते खाडीपलीकडचे दुसरेच गाव होते. तारीख आमच्या गुरुजींकडे दिली आहे. जुन्या पंचांगावरून ते तिथी काढून देणार आहेत. भावाचे म्हणणे असे की, तिथी निघाली तरी गावाची खात्री होईपर्यंत सर्वपित्रीचे पान बंद करू नये, कारण चुकून दुसऱ्या कोणाचे श्राद्ध करू आणि आपला माणूस उपाशी राहील. मला ते पटले.

मास्तरांना एक विनंती आहे. ज्या मळ्यावर त्यांना पाठवले, त्याचे नाव आपण वाचले आहे. ती जागा आज कशी आहे?

कात्रबोर्नचा मास्तर

परवा रविवारी जाऊन आलो. साखर कारखाना केव्हाच बंद झाला आहे. एक धुराडे उभे आहे आणि आजूबाजूला अजून ऊसच आहे. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग आहेत, पायरीपायरीने रचलेले. एक तर माझ्या दुप्पट उंचीचा होता. आमचे बेट ज्वालामुखीतून झालेले असल्यामुळे रान दगडांनी भरलेले होते, आणि ऊस लावण्यापूर्वी मजुरांनी ते दगड हातांनी उपटून, उचलून असे एका बाजूला रचले. आपल्या आजीच्या गोष्टीतले दगड उलटण्याचे काम त्यांना खरोखरच करावे लागले होते.

गावाच्या नावाची ओळ मी या आठवड्यात भिंग घेऊन पुन्हा पाहतो. त्याच कारकुनाने त्या जहाजातील इतरांची गावे लिहिताना 'न' कसा काढला आहे, हे ताडून पाहिले तर बहुधा उलगडा होईल. त्या ढिगाशेजारी पडलेला मुठीएवढा एक दगड मी उचलून आणला आहे. डिसेंबरात मला पुण्याला यायचे आहे. हवा असल्यास खासगी निरोपात पत्ता कळवावा.